निम्मे पैसे सोडून तुला मिळतं काय?

गेल्या आषाढात दुकानाबाहेर पाटी लावली होती, "५० टक्क्यांपर्यंत सूट". त्यातलं "पर्यंत" नेहमीसारखं बारीक अक्षरात. एक आजी दोन परकर आणि नातवाचा टी-शर्ट घेऊन गल्ल्याशी आल्या. बिल बघितलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "बाय, निम्मे पैसे सोडून तुला मिळतं तरी काय? की आधी आम्हाला लुटत होतीस?"

मागे चार माणसं उभी होती. "आजी, तुमचा आशीर्वाद मिळतो" असं काहीतरी बोलून मी सुटका करून घेतली. आजी हसल्या नाहीत. त्या बरोबरच होत्या. नीट उत्तर द्यायला गल्ल्यावर वेळ नसतो, म्हणून इथे लिहिते.

आमचं कापड आणि रेडिमेडचं दुकान चिपळूणच्या बाजारपेठेत. मी गुहागरची, २००४ ला लग्न होऊन इथे आले. आमच्याकडे प्रत्येक चिठ्ठीवर किमतीच्या खाली तीन-चार अक्षरं पेनने लिहिलेली असतात. गिऱ्हाइकाला वाटतं, कंपनीचा काहीतरी नंबर असेल. ती आमची खरेदी असते. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द ठरलेला आहे. पहिलं अक्षर म्हणजे १, दुसरं २, असं करत दहावं शून्य. शर्ट ४२५ ला पडला असेल तर चिठ्ठीवर चौथं, दुसरं आणि पाचवं अक्षर. जुन्या पेठांतल्या पुष्कळ कापडवाल्यांकडे असा एकेक शब्द असतो आणि तो घराबाहेर जात नाही. मला तो कळला २०१२ मध्ये, खरेदीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा. मामंजींनी देवापुढे बसवून वगैरे नाही, वरणभात जेवता जेवता सांगितला. पण खरं सांगते, त्या दिवशी मी या घरची झाले. आधीची आठ वर्षं मी नुसती सून होते.

मामंजींचा नियम साधा: त्या अक्षरांच्या खाली उतरायचं नाही. गिऱ्हाईक कितीही घासाघीस करू दे, पायरी उतरून जाऊ दे, परत येऊ दे. अक्षरांच्या वर दहा रुपये मिळाले तरी द्या, खाली एक रुपयाही नको. आमचं दोघांचं भांडण या अक्षरांवरूनच आहे. माझं म्हणणं, पार्टीला, म्हणजे माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला, पैसे गेले की ती अक्षरं विसरायची. सूट ठरवताना बघायचं ते दोनच गोष्टींकडे: हा माल किती दिवस पडून आहे, आणि आणखी किती दिवस त्याला कोणी विचारणार आहे.

आजींच्या प्रश्नाचा हिशेब मांडते. कर बाजूला ठेवू. एका डिझाइनचे १२ शर्ट घेतले, ६०० ला एक. म्हणजे ७,२०० गेले. विक्री १,००० ला. आठ शर्ट पूर्ण भावाने गेले की ८,००० आले, म्हणजे सगळ्या बाराची खरेदी फिटली आणि वर ८०० उरले. आता चार राहिले. ते ५०० ला दिले, तर चिठ्ठी बघणारा म्हणेल प्रत्येकावर १०० तोटा. मी म्हणते २,००० आले. बाराच्या बारा पूर्ण भावाने गेले असते तर ४,८०० सुटले असते, आता २,८०० सुटले. त्यातून दिवे, पगार, पिशव्या. तेव्हा आजी, तुमच्या निम्म्या किमतीतला काही भाग माझ्या खिशातून गेला आणि काही भाग गणपतीआधी पूर्ण पैसे मोजून गेलेल्या त्या आठ जणांच्या. लुटलं म्हणायचं तर त्यांना!

राहतात ते चार कुठले, हेही ठरलेलं असतं. माल साइजच्या सेटमध्ये येतो. ४० आणि ४२ पहिल्या आठवड्यात उडतात. मागे राहतो ३८ आणि ४६. याला आम्ही कट साइज म्हणतो. कापड तेच, शिलाई तीच, फक्त मधल्या अंगाचा माणूस येऊन गेलेला. म्हणून सेलमध्ये खरा फायदा काटकुळ्यांचा आणि धष्टपुष्टांचा. माझा धाकटा दीर ४६ वाला, तो आयुष्यात पूर्ण किंमत देऊन शर्ट घेत नाही.

सरसकट सूट मात्र मी देत नाही, आणि त्याचं कारण नवऱ्यालाही कागदावर लिहून दाखवावं लागलं होतं. त्याच ६०० च्या शर्टावर २० टक्के सोडले तर २०० गेले. म्हणजे किमतीतला पाचवा हिस्सा, पण माझ्या सुटणाऱ्या ४०० मधला निम्मा. तेवढेच पैसे मिळवायला दुप्पट शर्ट विकायला हवेत. ३० टक्के सोडले तर चौपट. चिपळुणात २० टक्के कमी केल्याने माणसांना दुप्पट अंगं फुटत नाहीत. जो माल तसाही जाणार आहे त्याला सूट लावणं म्हणजे आपल्याच हाताने गल्ला उघडा टाकणं. ज्याला आठ दिवस कोणी हात लावला नाही त्यालाच सूट.

म्हणून गणपतीच्या आधी आमच्याकडे पाटी लागत नाही. मुंबईहून चाकरमानी येतो तो चार-पाच दिवस हातात घेऊन. पोरांना कपडे, आईला लुगडं, भावजयीला काहीतरी. तो भाव विचारतो, पण भावासाठी दुसऱ्या दिवशी परत येत नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी आरती असते. आणि गौरीला जिचा पहिला ओवसा, म्हणजे लग्नानंतरची पहिली गौरीपूजा, आहे तिच्या साडीवर तर घासाघीस मी फारशी ऐकलेलीच नाही. सासू सोबत असते, माहेर काय म्हणेल हे डोक्यात असतं. आषाढात उलट. लग्नं नाहीत, शेतात लावणी चालू, बाहेर धो धो. त्या दिवसांत जो पायरी चढतो तो पाटी बघूनच चढतो. शिवाय गणपतीचा माल ठेवायला रॅक रिकामे हवेत आणि पार्टीला द्यायला पैसे हवेत. गिऱ्हाइकाला वाटतं दुकानदार उदार झाला. असतं एवढंच, की सुरतेहून पेमेंटचा तिसरा फोन येऊन गेलेला असतो.

आता कबुली. ५० टक्क्यांच्या ढिगात सगळाच माल असा उरलेला नसतो. काही माल सेलसाठीच जन्माला येतो. टेम्पोतून लॉट येतो, कुर्ती आम्हाला १८० ला पडते आणि तिच्यावर एमआरपी छापलेली असते ९९९. छापील किमतीच्या वर विकणं हा गुन्हा. पण मुळात ती किती छापावी हे बनवणाराच ठरवतो. मग मी "५० टक्के सूट, फक्त ४९९" लिहायला मोकळी. ९९९ ला ती कुर्ती कोणी कधी विकलेलीच नसते. दोन वर्षं मी असा माल आणला. पहिल्या धुण्यात रंग गेला, एक शिक्षिका बाई बादलीतलं लाल पाणी मोबाइलवर दाखवायला दुकानात आल्या. तेव्हापासून कुर्त्या बंद केल्या. पूर्ण सोडलं असं म्हणणार नाही, नाइटी अजून आणते.

ओळखायचं कसं? एकाच डिझाइनच्या सगळ्या साइज सेलमध्ये भरभरून असतील तर तो उरलेला माल नव्हे. उरलेला माल कधी पूर्ण नसतो. तो फाटक्या पत्त्यांच्या जोडासारखा, चौकट आहे तर इस्पिक नाही.

आणि ते बारीक "पर्यंत"? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात हे सरळ आहे. ज्या सवलतीच्या भावात द्यायचाच विचार नाही, तो भाव जाहिरातीत टाकणं ही अनुचित व्यापारी प्रथा. म्हणून एक तरी ढीग खरोखर ५० टक्क्यांचा ठेवायचा, दाराजवळ, आणि बाकीचा १० आणि २० चा आत.

हायवेच्या अंगाला आता मोठी चकचकीत दुकानं आली. तिथे "२० टक्के आणि वर आणखी २० टक्के" असतं. माझी भाची ४० टक्के समजून खूश होऊन आली. १,००० चे ८०० झाले, त्या ८०० वर २० टक्के, म्हणजे ६४०. एकूण ३६. चार टक्के हवेत गेले. तसंच "दोनावर एक मोफत" म्हणजे ३३ टक्के, पण तीन घ्यावे लागतात. माझ्यासारखीला हे परवडतं तेव्हाच, जेव्हा एकच वस्तू पडून नाही, ढीग पडून आहे.

एकदा मी या सगळ्याला कंटाळून "एकच भाव, घासाघीस नाही" अशी पाटी लावली होती. किंमती आधीच १५ टक्के खाली आणल्या, प्रामाणिकपणे. महिनाभर दुकान सुतकी. बायका कपडा बघायच्या, भाव विचारायच्या, मग माझ्या तोंडाकडे बघत थांबायच्या. मी काही कमी करेना. "बरं, येते मग" म्हणून जायच्या आणि पलीकडे माझ्यापेक्षा ३० रुपये महाग घेऊन, पण ५० कमी करून घेतल्याच्या आनंदात घरी. पुण्याला शिकणाऱ्या पुतण्याने नंतर सांगितलं, अमेरिकेत जे. सी. पेनी नावाच्या मोठ्या दुकानांनी २०१२ मध्ये हेच केलं होतं. कूपनं, सेल सगळं कमी करून रोजचाच भाव खाली आणला. वर्षभरात विक्री साधारण चौथ्या हिश्शाने पडली आणि साहेबाला एप्रिल २०१३ मध्ये घरी बसावं लागलं. माझी पाटी महिन्यात काढली म्हणून मी अजून गल्ल्यावर आहे.

कराची एक गंमत सांगते, कारण ती कोणी सांगत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यावर २,५०० पर्यंत ५ टक्के जीएसटी आणि त्याच्या वर १८ टक्के. आधी ही रेघ १,००० वर होती, वर १२ टक्के. रेघ बघायची ती सूट दिल्यानंतरच्या, बिलावरच्या किमतीत. आता लग्नाचा ब्लेझर घ्या, करासकट २,९९९ चा. त्यातून १८ टक्के काढले तर माझ्या हातात २,५४१ आणि काही पैसे राहतात. तोच मी २,६२५ ला दिला, तर कराआधीची किंमत २,५०० होते, कर ५ टक्क्यांत बसतो, आणि माझ्या हातात २,५०० राहतात. नवरदेवाला ३७४ कमी झाले, माझे गेले साधारण ४१. तो सगळ्या वऱ्हाडाला सांगत सुटतो. यंदा तुळशीच्या लग्नानंतर असे सात ब्लेझर गेले. मामंजींना हे तीनदा समजावलं. ते म्हणाले, "सरकार सूट देतंय आणि नाव तुझं होतंय." तंतोतंत.

माझी स्वतःची चूकही लिहायला हवी. २०१८ च्या पावसात मुलांचे ३८ रेनकोट राहिले, चिठ्ठीवर ३८०. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला एक जण २५० ने सगळे मागत होता. आमची अक्षरं २७० सांगत होती. मीही तेव्हा अक्षरंच वाचत होते. "पुढच्या जूनला ३८० ला जातील" म्हणून माळ्यावर टाकले. पत्र्याखालचा मे महिना कसा असतो हे चिपळूणकराला सांगायला नको. जूनमध्ये पेटी उघडली तर प्लास्टिक वितळल्यासारखं चिकटलेलं, एका रेनकोटवरचं कार्टून दुसऱ्याच्या पाठीवर. २० रुपये वाचवायला गेले आणि प्रत्येकी २५० घालवले. बाबांना फोनवर सांगितलं तर ते हसले. त्यांची गुहागरला हापूसची थोडी कलमं आहेत. पहिली पेटी वाशीला जाते तेव्हा ते तोंडाला येईल तो भाव सांगतात. मे संपत आला, ढग दिसायला लागले की तोच आंबा किलोवर कॅनिंगला घालतात. फवारणीला किती गेले, राखणदाराला किती दिले, हे त्या दिवशी काढत नाहीत. "झाडावर ठेवून काय करू? फळमाशीला विकू?" मी कापडवाल्याच्या घरात येऊन हे विसरले होते.

पण मामंजींना नुसतं हट्टी म्हणणं अन्याय होईल. कारण एकदा त्यांनी अक्षरं सोडली.

२६ जुलै २००५ च्या पुरात दुकानात पाणी कुठवर आलं त्याची खूण मामंजींनी भिंतीवर लाल रंगाने केली होती. त्यानंतर दर पावसाळ्यात माल त्या रेघेच्या एक हात वर. २०२१ च्या जुलैत गणपतीचा माल येऊन पडलेला, गणपती १० सप्टेंबरला. २१ च्या रात्री पाऊस थांबेना तेव्हा आम्ही जाऊन सगळं वर चढवलं, रेघेच्या वर, आणि निर्धास्त झोपलो. २२ ला पहाटे वाशिष्ठी नदी बाजारात शिरली आणि लाल रेघ पाण्याखाली गेली. वीज नाही, फोन नाही. पाणी ओसरल्यावर शटर उघडायला गेलो तर ते गाळाने आतून धरून ठेवलेलं. पहारीने उचकटलं. आत साड्या, शर्ट, बाळंतविडे, सगळं एका रंगाचं.

काही माल सरळ फेकला. बाकीचा टेम्पोत भरून गुहागरला माहेरी नेला, विहिरीच्या पाण्यात खंगाळला, उघडीप मिळेल तसा पडवीत आणि खळ्यात दोऱ्यांवर वाळवला. हिशेबनीस म्हणाले, वाहून गेलेल्या, फेकलेल्या मालावर खरेदीच्या वेळी घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, परत करावं लागेल. विकलात, मग कितीलाही विका, तर राहील. विम्याचा सर्व्हेअर आला, त्यानेही पहिला प्रश्न हाच केला: यातलं किती विकलं जाईल आणि कितीला? तेवढे तो भरपाईतून वजा करणार होता. भिजलेल्या शर्टाची किंमत काय, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी एकाच आठवड्यात आला.

ऑगस्टमध्ये दुकानाच्या दारात दोन बाकडी टाकली. मी सुरुवातीला २० रुपये लिहिलं. कोणी घेईना. माणसं उचलायची, कापड ओढून बघायची, वास घ्यायची, ठेवायची. दुसऱ्या दिवशी मामंजी खुर्ची घेऊन बाकड्याशी येऊन बसले. पाटी खोडली आणि ५० लिहिलं. "वीस म्हटलं की कुजलेलं वाटतं," म्हणाले. दुपारपर्यंत एक बाकडं रिकामं. काहींनी १०० ची नोट देऊन उरलेले घेतले नाहीत. काहींनी ५० चे ४० करायला लावले, आणि त्यातल्या एकीचं घर आमच्यापेक्षा खालच्या अंगाला होतं, तिला मामंजींनी ४० ला दिलं. एक बाहेरगावचा माणूस टेम्पो घेऊन आला आणि सगळं किलोवर मागायला लागला. त्याला मामंजी काही बोलले नाहीत, चहा पाजून पाठवला.

त्या दिवसांत बऱ्याच चिठ्ठ्यांवरची शाई पाण्याने गेली होती. अक्षरं वाचताच येत नव्हती. एखाद्यावर राहिली असेल तर मामंजी ती अंगठ्याने पुसताना मी पाहिलं.

नव्या रेघेचा रंग निळा आहे. आणि नवा माल आला तशी चिठ्ठ्यांवर अक्षरंही परत आली, मामंजींचा नियमही.

आत्ता शिमगा तोंडावर आहे. दिवाळीचे मोहरी रंगाचे ११ कुर्ते पडून आहेत, ३८ चे सहा आणि ४६ चे पाच. तो रंग मीच निवडला होता, त्याबद्दल घरात चर्चा होऊन गेली आहे. पालखी नाचवायला येणारी पोरं कुर्ता घेतात, पण शिमगा सरला की गणपतीपर्यंत या कुर्त्यांना कोणी विचारणार नाही. चिठ्ठीवर किंमत ७९९, खाली अक्षरं ३८५ ची. काल रात्री मी कार्डावर २९९ लिहून काउंटरवर ठेवलं. सकाळी बघते तर त्यावर काट मारून मामंजींच्या वळणदार अक्षरात ३९०.

मी ते कार्ड तसंच राहू दिलंय. ते दुपारी दीडला जेवायला घरी जातात आणि चारपर्यंत झोपतात.